आवर्तसारणीचा वॉल चार्ट घेतला: वरून एक नंबर, तळाच्या ओळीत कॉपी-पेस्ट

मी घरीच अकरावी-बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेतो, दोन खोल्या, एक फळा, आणि फळ्याशेजारी बरीच वर्षं एक जुना चार्ट टांगलेला होता. त्याचे कोपरे उंदरांनी खाल्ले होते ते ठीक, पण १०४ नंबरला त्याच्यावर अजून अननिलक्वाडियम लिहिलेलं होतं. रदरफोर्डियम हे नाव १९९७ ला पक्कं झालं, म्हणजे माझी आत्ताची सगळी पोरं त्यानंतर जन्मलेली. दर वर्षी कोणीतरी विचारायचं सर हे काय आहे, आणि मी दर वर्षी तेच सांगायचो की ते टेंपररी नाव होतं. शेवटी यंदा म्हटलं बास झालं. पुण्याला काम होतंच तर अप्पा बळवंत चौकात गेलो आणि नवीन चार्ट घेऊन आलो. ३८० रुपये. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको, आणि घोळ एकाच कंपनीत असेल असंही मला वाटत नाही.

आधी चांगलं सांगतो. १०० बाय ७० सेंटीमीटर, जाड कागद, मॅट लॅमिनेशन. मॅट महत्त्वाचं आहे बरं का, चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट अशी चमकते की मागच्या बाकावरून निम्मा चार्ट दिसतच नाही. रंग छान, एस ब्लॉक पी ब्लॉक लगेच वेगळे कळतात. ११३, ११५, ११७, ११८ ही २०१६ ची नावं सगळी आलेली, निहोनियम पासून ओगानेसन पर्यंत. प्रत्येक घरात अणुक्रमांक, वस्तुमान, इलेक्ट्रॉन संरूपण (म्हणजे ७एस, ६डी, ५एफ अशा कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन बसलेत ते) आणि एक छोटंसं चित्र. अमेरिशियमच्या घरात छताला लावतात तो धुराचा अलार्म, थोरियमच्या घरात गॅसबत्तीचं मँटल. ते मँटल बघून मी दुकानातच खूश झालो आणि बाकी काही न तपासता पैसे दिले, ही चूक माझी.

मँटलचं का एवढं, तर आमच्या गावाकडे वरातीला डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालायची आणि त्या पेटवायचं काम आमच्या वडिलांकडे असायचं. पाकिटातून ती मऊ जाळीची पिशवी काढायची, दोऱ्याने बांधायची, काडी लावायची, कापड जळून जायचं आणि मागे पांढरीशुभ्र राखेची जाळी उरायची. ती जाळी म्हणजे थोरियम डायऑक्साइड, सोबत एखादा टक्का सिरियम ऑक्साइड. बोट लागलं की भुगा, पण ज्योतीत तासन् तास तशीच, कारण थोरियमचं हे ऑक्साइड वितळायलाच ३,३०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास लागतात. "हात लावू नकोस" हे वाक्य मी लहानपणी सगळ्यात जास्त वेळा त्या मँटलच्या बाबतीत ऐकलंय.

असो. घरी आलो, गुंडाळी उलगडली, आणि पहिली अडचण. चार्टला वर आणि खाली प्लास्टिकची पट्टी असते ना, खालची पट्टी नेमकी ॲक्टिनाइडच्या, म्हणजे ८९ ते १०३ नंबरच्या सगळ्यात खालच्या ओळीवर चढवलेली. चिन्ह दिसतंय, नाव दिसतंय, संरूपणाची ओळ पट्टीच्या आत. म्हणजे छापताना खाली समास ठेवायचा तो ठेवलाच नाही. बाकी कुठल्याही ओळीचं झाकलं गेलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो, कारण सोडियमचं संरूपण कोणीही झोपेत सांगेल, चार्ट लागतो तो याच ओळीसाठी. मग सुरीने पट्टी हळूच उचकटली, अर्धा इंच खाली सरकवून परत चिकटवली. अर्धा तास गेला. ते एक वेळ चाललं असतं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. बारावीच्या बॅचमधली एक मुलगी, बोलते कमी पण डोळे घारीचे, चार्टसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, थोरियमला एफ मध्ये एक कसा? पुस्तकात तर एफ रिकामं आहे."

मी बघितलं. (इथे घातांक टाइप करता येत नाहीत म्हणून मी साधं लिहितो, समजून घ्या.) चार्टवर थोरियमला ५एफ मध्ये १, ६डी मध्ये १, ७एस मध्ये २. खरं काय आहे तर ५एफ रिकामं, ६डी मध्ये २, ७एस मध्ये २. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातही हेच आहे. आधी वाटलं प्रिंटिंग मिस्टेक. मग पुढची घरं बघितली. प्रोटॅक्टिनियमला ५एफ मध्ये ३ आणि डी रिकामं, खरं तिथे ५एफ ला २ आणि ६डी ला १. युरेनियमला चार्टवर ५एफ ला ४, खरं ३ आणि ६डी ला १. नेपच्युनियमला चार्टवर ५, खरं ४ आणि ६डी ला १. प्लुटोनियमपासून पुढे मात्र सगळं बरोबर! प्लुटोनियम ६, अमेरिशियम ७, क्युरियमला परत ७ आणि डी मध्ये १, बर्केलियम ९, तिथून नोबेलियमच्या १४ पर्यंत नीट. १५ घरांपैकी सलग ४ चूक. लॉरेन्सियमचं वेगळं आहे, त्याच्यावर नंतर येतो.

आता एखाद दुसरी चूक असती तर कंपोझिटरची म्हणून सोडली असती. पण ह्या चुका चुकून झालेल्या वाटत नव्हत्या. मला वाटलं कोणीतरी आपला तो आउफबाऊचा नियम सरसकट लावलाय, उपकवचं ठरलेल्या क्रमाने भरत जायचा, एन अधिक एल वाला, ७एस नंतर ५एफ नंतर ६डी. पण तो लावला असता तर थोरियमला ५एफ मध्ये २ आले असते. चार्टवर आहे १ आणि १. हे ना नियमाचं उत्तर ना खरं उत्तर, मग हे आलं कुठून? माझं त्या रात्री जेवणातही लक्ष नव्हतं, बायको म्हणाली चार्ट आणलाय की केस हिस्टरी.

सकाळी चहा घेताना डोक्यात आलं. थोरियमच्या बरोबर वरच्या घरात काय आहे? सिरियम. सिरियमचं काय? ४एफ मध्ये १, ५डी मध्ये १, ६एस मध्ये २. झालं! पठ्ठ्याने वरची लँथॅनाइडची, म्हणजे ५७ ते ७१ ची अख्खी ओळ उचलली, ४एफ चं ५एफ केलं, ५डी चं ६डी केलं, ६एस चं ७एस केलं, आणि खाली पेस्ट. एकेक घर ताडून बघितलं, लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत पंधराच्या पंधरा जुळली. क्युरियम बरोबर आलं कारण वर गॅडोलिनियम तसंच आहे, ४एफ अर्धं भरलेलं ७ आणि आठवा डी मध्ये.

आणि ही चोरी पकडायला अवघड आहे हे पण सांगतो, म्हणजे कोणी हसू नका की सरांना दुकानात कसं कळलं नाही. पोरं तपासतात कशी, तर आतल्या भरलेल्या कवचांचे म्हणून रेडॉनचे ८६ घ्यायचे आणि पुढचे आकडे मिळवायचे. युरेनियम: चार्टचे ८६ अधिक ४ अधिक २, ९२. खरे ८६ अधिक ३ अधिक १ अधिक २, तेही ९२. बेरीज दोन्हीकडे जुळते. मग ऑक्सिडेशन स्टेट वरून, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो त्यावरून तपासायला जा, थोरियम अधिक ४ देतो, चार्टवरही बाहेरचे इलेक्ट्रॉन चारच, खऱ्यातही चारच. युरेनियम अधिक ६, इकडेही सहा तिकडेही सहा. इलेक्ट्रॉन तेवढेच, फक्त चुकीच्या खोलीत बसवलेत. लॉजच्या रजिस्टरमध्ये माणसांची संख्या बरोबर आणि रूम नंबर चूक, मॅनेजरला पत्ता लागत नाही, तसं.

मी क्लासमध्ये हे पाठ कसं करून घेतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बघा. एफ चे आकडे पाठ करायचेच नाहीत. फक्त ६डी चे करायचे, ॲक्टिनियमपासून ओळीने: १, २, १, १, १, ०, ०, १, आणि पुढे नोबेलियमपर्यंत शून्यच शून्य. फोन नंबरसारखं म्हणायचं, एकशे एकवीस, अकराशे, एक. म्हणजे १२१-११००-१. अणुक्रमांकातून ८६ वजा, ७एस चे २ वजा, डी चा आकडा वजा, उरलं ते एफ. प्लुटोनियम, ९४ वजा ८६ म्हणजे ८, वजा २ म्हणजे ६, डी शून्य, एफ ६. संपलं. हाच नंबर ह्या चार्टप्रमाणे लिहिला तर येतो १-१-०-०-०-०-०-१. राँग नंबर.

आता कोणी म्हणेल एवढं काय त्या चार घरांचं, परीक्षेत एखादा मार्क. पण ह्या ओळीत बघण्यासारखं जे आहे ते नेमकं त्या चार घरांत आहे हो. वरच्या ओळीत ४एफ हे एफ जातीचं पहिलंच उपकवच, त्याच्या आत दुसरं एफ नाही, म्हणून ते खोल आत जाऊन बसतं आणि बाहेरच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे लँथॅनाइड सगळे सारखे वागतात, बहुतेक सगळे अधिक ३. ५एफ च्या आत मात्र ४एफ आधीच बसलेलं, म्हणून ते जास्त बाहेरपर्यंत पसरतं. त्यात भर म्हणून केंद्रक एवढं जड की सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ६५ टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे इथे आइन्स्टाइनला, त्याच्या सापेक्षतेला, बोलवावंच लागतं. एस वाले इलेक्ट्रॉन आत आकसतात, केंद्रकाला जास्त झाकतात, मग डी आणि एफ वाल्यांना ओढ कमी लागते आणि ते वर उचलले जातात. परिणाम काय, ओळीच्या सुरुवातीला ५एफ आणि ६डी जवळपास एकाच पातळीवर, आज हा खाली उद्या तो. थोरियममध्ये डी जिंकतो, दोन्ही इलेक्ट्रॉन तिकडेच. प्रोटॅक्टिनियम, युरेनियम, नेपच्युनियममध्ये तडजोड, एक डी मध्ये आणि बाकीचे एफ मध्ये. जसजसे प्रोटॉन वाढतात तसं ५एफ खाली खाली ओढलं जातं आणि प्लुटोनियमला पोचेपर्यंत डी रिकामं. पुढे एकदाच क्युरियमला परत डी मध्ये एक, कारण ७ वर अर्धं भरलेलं एफ कोणी मोडत नाही.

ह्या रस्सीखेचीमुळेच थोरियम अधिक ४, प्रोटॅक्टिनियम अधिक ५, युरेनियम अधिक ६ असं चढत जातं आणि नेपच्युनियम, प्लुटोनियम तर अधिक ७ पर्यंत जाऊ शकतात. प्लुटोनियम धातू म्हणून पण तसाच चक्रम, साध्या दाबाला गरम करत नेला तर वितळायच्या आधी, म्हणजे ६४० डिग्रीच्या आत, सहा वेगवेगळी स्फटिकरूपं बदलतो. त्याचे ५एफ वाले इलेक्ट्रॉन बंधात भाग घ्यायचा की घरी बसायचं याच्या बरोबर उंबरठ्यावर आहेत. अमेरिशियमपासून ते घरी बसले, आणि मग ओळ हळूहळू लँथॅनाइडसारखी शहाणी होते.

आणि हो, थोरियमच्या अणूत एफ रिकामं असताना तो एफ ब्लॉकमध्ये कसा, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. उत्तर एवढंच की तो ओळीत पहिल्या टोकाला आहे म्हणून. त्याचे तीन इलेक्ट्रॉन काढा, उरलेला एकटा बसतो तो ५एफ मध्येच. आयन झाला की डी आणि एस आधी रिकामे होतात, एफ मागे राहतं.

यात विनोद कसा बघा. १९४४ पर्यंत जगातल्या सारण्यांत थोरियम हाफ्नियमखाली, प्रोटॅक्टिनियम टँटालमखाली आणि युरेनियम टंगस्टनखाली लिहायचे, कारण वागायला ते तसेच, डी ब्लॉकसारखे. ग्लेन सीबोर्ग हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ त्यावेळी ९५ आणि ९६ नंबरची मूलद्रव्यं शोधत होता आणि ते सापडत नव्हते, कारण ते प्लुटोनियमसारखे वागतील असं धरून शोध चालू होता. मग त्याच्या डोक्यात आलं की ही वेगळी एफ ची ओळ असावी, लँथॅनाइडच्या खाली बसणारी, म्हणजे हे दोघे अधिक ३ वाले निघतील. तसंच शोधलं आणि सापडले, अमेरिशियम आणि क्युरियम. ते एकमेकांपासून वेगळे करताना इतके छळत होते की टीममध्ये त्यांना पँडेमोनियम आणि डिलिरियम म्हणायचे. सारणी बदलायची म्हटल्यावर लोकांनी सीबोर्गला सांगितलं छापू नकोस, नाव खराब होईल, तर त्याचं म्हणणं माझं मुळात एवढं नावच नाहीये तर खराब काय होणार, आणि १९४५ ला छापलं. १९५१ ला मॅकमिलनबरोबर नोबेल. म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीसारखी आहे हे सीबोर्गचंच म्हणणं, आमच्या चार्टवाल्याने फक्त ते जरा जास्तच मनावर घेतलं.

लॉरेन्सियम राहिलं. चार्टवर ५एफ ला १४, ६डी ला १, ७एस ला २. वर ल्युटेशियम तसंच आहे त्यामुळे कॉपी-पेस्टने हे येणारच होतं. पुस्तकांतही हेच छापलेलं असतं, त्यामुळे परीक्षेला हेच लिहा. पण गणितं सांगतात की तो शेवटचा इलेक्ट्रॉन ६डी मध्ये नसून ७पी मध्ये आहे, परत तेच आइन्स्टाइनचं प्रकरण. २०१५ ला जपानमध्ये तोकाई इथे लॉरेन्सियमची पहिली आयनीकरण ऊर्जा, म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागते ती, मोजली, कॅलिफोर्नियमवर बोरॉन मारून एकेक अणू बनवायचा, त्याचं अर्धायुष्य २७ सेकंद, तेवढ्यात मोजायचं. उत्तर आलं ४.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ७पी धरून केलेल्या गणिताशी जुळणारं. यासाठी मी चार्टचे मार्क कापत नाही, बोर्डाच्या पुढे जाऊन चार्ट छापा असं मी म्हणणार नाही. युरेनियमचं मात्र माफ नाही. आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून युरेनियमवर वीज बनतेय, ट्रॉम्बेला थोरियमवर लोकांची आयुष्यं गेली, केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतलं थोरियम हे आपलं मोठं घबाड म्हणून पाचवीपासून शिकवतात, आणि १५ घरांत नेमकी तीच दोन घरं चूक?

चार्टच्या कोपऱ्यात कस्टमर केअरचा नंबर होता, फोन केला. मुलगा नम्र होता बिचारा. मी पाच मिनिटं समजावलं, तो म्हणाला, "सर, डॅमेज आहे का?" म्हटलं डॅमेज नाही रे, चूक आहे, थोरियमचं चूक आहे. तर म्हणे फाटलेलं असेल तर एक्सचेंज होईल. मी म्हटलं एक्सचेंज करून दुसरा कुठला चार्ट देणार? तर जरा थांबून म्हणाला, "सर, सेमच येईल." ईमेल पाठवा म्हणाला, पाठवला, फोटो जोडून, चारही घरांवर लाल गोल करून. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

दुकानदार काका मात्र माणूस चांगला. परत पुण्याला गेलो तेव्हा सहज सांगितलं. त्यांनी रॅकमधले बाकीच्या कंपन्यांचे तीन चार्ट काढून काउंटरवर पसरले, म्हणाले तुम्हीच बघून सांगा कुठला ठेवू. एकात संरूपणच नव्हतं. एकात थोरियमला ५एफ मध्ये २, म्हणजे तो आउफबाऊवाला. तिसरा बरोबर होता, थोरियम ते नेपच्युनियम चारही घरं बरोबर, पण चकचकीत लॅमिनेशन आणि अक्षर एवढं बारीक की दोन हातांवरून वाचता येईना. काका पैसे परत द्यायला तयार होते, मीच नाही घेतले, एक तर पट्टी उचकटलेली आणि दुसरं म्हणजे मॅट लॅमिनेशन सोडवत नव्हतं.

मग मी काय केलं, डब्यांवर नावं लिहायची पांढरी स्टिकर असतात ती आणली, चार तुकडे मापात कापले. साध्या पेनाची शाई त्याच्यावर पसरते, सीडीवर लिहायचा मार्कर लागतो. आकडे त्या मुलीलाच लिहायला दिले, कारण चूक तिने पकडली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे आणि आता मागच्या बाकावरून अख्ख्या चार्टमधली तीच चार घरं सगळ्यात ठळक दिसतात.

स्टार तीन देतो. कागद, रंग, अक्षराचा आकार यांचे पाचपैकी पाच होते, एक गेला पट्टीचा, एक गेला कॉपी-पेस्टचा. कोणाला चार्ट घ्यायचा असेल तर दुकानातच गुंडाळी पूर्ण उलगडायला लावा, लाजू नका, आणि वरचं काही बघत बसू नका. खाली डावीकडून दुसरं घर, ९० नंबर, तिथे ६डी मध्ये २ दिसले तर पुढची तीन घरं बघा आणि मगच पैसे द्या.